मागून काढलेला फोटो

टोपवाल्या मावशी माणसाला मागून ओळखत. समोरून कुणी हसून "काय मावशी, ओळखलंत का?" म्हटलं की त्या गोंधळून बघत राहायच्या, आणि तोच माणूस पाठ फिरवून चालायला लागला की म्हणायच्या, "अरे, हा तर डाव्या भोवऱ्याचा!" चाळीसेक वर्षं केसांचे टोप करण्यात गेली होती. दुनियेतली माणसं त्यांच्या लेखी दोनच प्रकारची होती, भोवरा उजवीकडे वळणारी आणि डावीकडे वळणारी. दोन भोवरे असलेला माणूस हट्टी असतो असं त्या छातीठोकपणे सांगत. स्वतः त्यांना एकच होता, पण हट्ट मात्र दोघांना पुरून उरेल एवढा.

आता टोप म्हटलं की लोकांना नाटकातले राजे आठवतात. मावशींच्या हातचा टोप तसा नव्हे. आजारात केस गेलेल्या, भाजलेल्या, चाई पडून डोक्यावर चट्टे उठलेल्या माणसांसाठी त्या टोप करायच्या. लाकडी डोक्यावर बारीक जाळी ताणायची, आकड्याच्या सुईने एकेक केस ओढून गाठ मारायची. कपाळापाशी एका गाठीत एकच केस, मागे दोन-तीन चालतात. केस कुठल्या दिशेने पडायचे हे भोवरा ठरवतो. दिशा चुकली की टोप कितीही भारी असो, दहा पावलांवरून टोप दिसतो. "आणि दिसला तो टोप कसला? ती टोपी!" हे त्यांचं आवडतं वाक्य.

मावशींच्या घरावर पाटी नव्हती. दुसऱ्या मजल्यावरची आतली खोली, खिडकीपाशी टेबल, टेबलावर ओळीने लाकडी डोकी. एक गिऱ्हाईक गेल्यावर बराच वेळ दुसऱ्याला बोलवायचं नाही, म्हणजे जिन्यात कुणी कुणाला भेटणार नाही. खोलीत आरसा होता, पण पडद्याआड. टोप बसल्यावरच पडदा सरकायचा. मावशींचे यजमान होते तोवर त्यांच्या डोक्यावर गुळगुळीत टक्कल होतं आणि त्यांनी जन्मात टोप घातला नाही. "दिव्याखाली अंधार," मावशी म्हणायच्या. "अंधार कुठे, चांगला उजेड पडतो," ते म्हणायचे.

आधी मावशी डोक्याची आकृती पेन्सिलीने काढून ठेवत. डोळे थकले तेव्हा मुलाने फोन घेऊन दिला आणि त्या फोटो काढायला लागल्या. मागून, दोन्ही बाजूंनी, शेवटी समोरून. प्रत्येक वेळी विचारून. हे विचारणं म्हणजे तोंडदेखलं नव्हे. सुई खाली ठेवायची, समोर बसायचं, आणि "काढू का?" म्हणून गप्प राहायचं, समोरचं माणूस बोलेपर्यंत.

एका शाळेतल्या बाईंनी हो म्हणायला फार वेळ घेतला होता. बालवर्गाला शिकवणाऱ्या, तिशीच्या आतबाहेरच्या बाई. चाईने त्यांचे सगळे केस नेले होते, मागे मानेच्या वर तेवढी तान्ह्या पोराच्या डोक्यावर असते तशी लव उरली होती. शाळेत कुणाला पत्ता नव्हता. बदली घेऊन नव्या शाळेत आल्या त्या मावशींचा टोप घालूनच.

"हे फोटो तुमच्याशिवाय कुणी बघणार नाही ना, मावशी?" त्यांनी विचारलं होतं.

"माझ्याशिवाय कुणी नाही," मावशी म्हणाल्या होत्या. मग बाईंनी मान खाली घातली आणि मावशींनी त्या लवेचा फोटो काढला. लव कुठे वळते ते बघून भोवरा बसवला. टोप असा जमला की बाईंनी आरशापुढे दोनदा डोकं हलवून पाहिलं आणि हसल्या.

इथवर सगळं ठीक होतं. मग मावशींना नात झाली.

मुलगा, सून दुसऱ्या गावी. सुनेने सगळ्या नातेवाइकांसाठी फोनवर एक अल्बम केला. कुणीही बाळाचा फोटो काढला की तो सगळ्यांना आपोआप दिसावा. आत्या, काका, मामे, चुलत, आणि मावशींच्या विहीणबाई, म्हणजे सुनेच्या आई, सगळे त्यात. विहीणबाई मावशींच्याच गावात राहायच्या. अल्बमचं ॲप मावशींच्या फोनवर सुनेनेच टाकून दिलं. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "सगळे फोटो पाहू द्यायचे की निवडक?" मावशींनी "निवडक" दाबलं. बाई शहाण्याच होत्या.

पण शहाण्या माणसाला वेडं कसं करायचं हे त्या ॲपला बरोबर माहीत होतं. रोज उठून तेच. फोटो दिसत नाहीत, परवानगी बदला. पूर्ण आनंद घ्या, परवानगी बदला. एखादं पोर पदराला धरून "दे ना, दे ना" करतं ना, तसं ते मागे लागलं. पोराला निदान एक धपाटा देता येतो. हातात केस, तोंडात सुई, आणि फोन टुणटुण करतोय. एकदा रागाने त्यांनी सुनेला फोन लावला.

"आई, सगळे करून टाका ना, कटकट मिटेल," सून म्हणाली.

"माझ्या फोनमध्ये गिऱ्हाइकांचे फोटो असतात गं."

"ते कशाला जातील? बाळाचेच जातात. ते ओळखतं चेहरा."

मावशींनी "सगळे" दाबलं. कटकट मिटली. हल्ली कटकट मिटली की समजावं, आपल्या घरातलं काहीतरी गेलं.

मुलगा, सून, बाळ चार दिवस राहून गेले. मावशींनी बाळाचे ढीगभर फोटो काढले. सून ते बघताना म्हणाली, "अहो आई, हे सगळे मागूनच काढलेत!" खरंच, सगळे मागून. बाळ पालथं पडलेलं, बाळ खांद्यावर, बाळ झोपलेलं, आणि प्रत्येकात ती मऊ लव नि तिच्यातला इवलासा भोवरा. "उजवा आहे," मावशी कौतुकाने म्हणाल्या. "बापावर गेली." चेहरा काय, कुणीही काढेल.

पुढे एका दुपारी मावशी कपाळाची ओळ विणत होत्या, म्हणजे एका गाठीत एक केस, श्वास रोखून. फोन वाजला. पडद्यावर नखाएवढी दोन चित्रं आणि खाली प्रश्न : "ही तीच व्यक्ती आहे का?" चष्मा जवळच्या कामाचा, फोन लांब. दोन्ही चित्रांत मागून काढलेलं डोकं, लव, भोवरा. एक बाळाचं. दुसरंही बाळाचंच असणार, असे तिचे फोटो तर पन्नास काढलेत. मावशींनी कोपराने फोन जवळ ओढला, "हो"वर बोट टेकवलं आणि पुन्हा सुई धरली.

जन्मभर डोकी मागून ओळखणारी बाई, आणि तिने मागूनच चूक केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंचा फोन.

"विहीणबाई, अहो ती अल्बममधली मुलगी कोण? बिचारी! डोक्यावर केस नाही हो एकही."

मावशींच्या हातातला कंगवा तिथेच राहिला. त्यांनी अल्बम उघडला. बाळ पालथं, बाळ खांद्यावर, आणि मध्येच बाईंचं डोकं मागून. त्या ॲपने एवढ्यावर थांबावं की नाही? एक ओळखला म्हणून त्याच वेळी काढलेले सगळे पुढे ढकलले होते. डावी बाजू, उजवी बाजू, आणि समोरून, डोळे खाली घातलेल्या बाई. खाली लोकांनी बदाम टाकले होते. कुणा चुलत सासूबाईंनी तर न बघताच लिहिलं होतं, "किती मोठी झाली बाई!"

"विहीणबाई, ते चुकून गेलंय. कुणाला बोलू नका, हात जोडते."

"मी ओळखलं हो तिला. आमच्या थोरल्या नातीच्या वर्गावरच्या बाई आहेत या! इतकी हसतमुख मुलगी, आणि एवढं दुखणं अंगावर घेऊन शाळेत येते. मला तर रात्रभर झोप नाही."

"दुखणं नाही हो ते, नुसते केस जातात. आणि तुम्ही कुणाला—"

"छे, छे! मी कुणाला बोलणार?"

हे वाक्य माणसं दोनदाच म्हणतात. एकतर बोलायच्या आधी, नाहीतर बोलून झाल्यावर.

मावशींनी फोन ठेवला आणि फोटो पुसायला बसल्या. पुसला. फोन म्हणाला, "तुमच्या फोनमधून काढला आहे." अल्बम उघडला, तर तिथे आहेच. तिथे बोट दाबून धरलं, तर तीन ठिपके आले. ठिपक्यांत "लपवा" होतं, "सजवा" होतं, "गाण्यासह पाहा" होतं. "पुसा" कुठे नव्हतं. मदत म्हणून एक खूण होती, ती दाबली. कुणीतरी लगेच लिहिलं, "नमस्कार! तुमची अडचण आम्ही समजू शकतो." मावशींना बरं वाटलं. त्यांनी एकेक अक्षर शोधत सगळं लिहिलं, की दुसऱ्याचे फोटो आहेत, त्या बाईंना शब्द दिलाय, ताबडतोब काढा. उत्तर आलं, "फोटो सुंदर दिसण्यासाठी या पाच युक्त्या वापरा. तुमची अडचण सुटली का?" मावशींनी "नाही" दाबलं. "नमस्कार! तुमची अडचण आम्ही समजू शकतो."

"तुझ्या तोंडात माती," मावशी फोनला म्हणाल्या आणि मुलाला फोन लावला.

मुलगा कामावर होता. त्याने आपल्या बाजूने पाहिलं, खुडबुड केली आणि अल्बममधून फोटो काढून टाकले. "काढले आई. पण ज्यांच्या फोनमध्ये आपोआप उतरले असतील त्यांचं मी काही करू शकत नाही."

"म्हणजे कुणाकुणाच्या?"

"ते कसं सांगणार? मामींच्या असतील, आत्याच्या असतील, सासूबाईंच्या तर नक्कीच. पण आई, तू परवानगी कशाला दिलीस?"

"मी?"

"सगळे फोटो म्हणून तूच दाबलंस ना?"

मावशींचा आवाज चढला. "त्याने मला काय विचारलं रे? फोटो पाहू का, म्हणून विचारलं. पाहू का म्हणाला तो! गावभर दाखवू का असं नाही म्हणाला!"

"त्यातच आलं ते. खाली लिहिलेलं असतं."

"खाली म्हणजे कुठे?"

"बारीक अक्षरात. कुणी वाचत नाही."

"कुणी वाचत नाही हे माहीत आहे ना त्यांना? मग तिथेच बरं लिहितात! मी इथे एका माणसाला विचारायचं तर सुई खाली ठेवते, तोंड वर करून बसते. आणि हा, माझे दोन्ही हात कामात असताना विचारतो, वर हो म्हणेपर्यंत पिच्छा सोडत नाही. याला विचारणं म्हणतात?"

"आई, माझ्यावर का चिडतेस? सगळ्यांचंच असं असतं."

हे ऐकून मावशी आणखी चिडल्या. सगळ्यांचंच असतं म्हणे! सगळ्यांच्या घरी चोरी झाली की ती चोरी राहत नाही, रीत होते. पण फोनवर लेकाशी भांडून काय होणार होतं? त्यांनी विहीणबाईंना पुन्हा फोन केला. विहीणबाईंनी फोटो पुसायचं कबूल केलं, पण कसे पुसायचे ते त्यांना येत नव्हतं. मावशींनाही येत नव्हतं. दोघी विहिणी एकमेकींना "तीन ठिपके दिसतात का?" विचारत बसल्या. शेवटी विहीणबाई म्हणाल्या, "राहू द्या हो, माझा फोन कोण बघतंय? आणि मला आता निघायचंय, नातीला शाळेतून आणायची आज माझी पाळी आहे."

मावशी खुर्चीतून उठल्या. "तुम्ही शाळेत जाताय? बाईंशी काही बोलू नका हां!"

"मी काय लहान आहे का?" विहीणबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मावशींनी बाईंना फोन लावला. उचलला नाही, वर्गात असणार. निरोप लिहायला घेतला. "तुमचे फोटो" एवढं लिहून हात थांबला. असं कसं लिहायचं? हे तोंडाने सांगायचं असतं, समोर बसून. त्यांनी पायात चपला घातल्या. शाळेत जाऊन चारचौघांत काय सांगणार? चपला काढल्या. पुन्हा फोन लावला, पुन्हा उचलला नाही. परत चपला घातल्या आणि तशाच टेबलापाशी बसून राहिल्या. दुपारभर एकही गाठ पडली नाही.

संध्याकाळच्या आत दार वाजलं. वेळ न ठरवता मावशींकडे कधी कुणी येत नसे. दारात बाई होत्या. केस नीट, भांग नीट, टोप जिथल्या तिथे. चेहरा मात्र उतरलेला.

"बसा," मावशी म्हणाल्या. "मी तुम्हाला दुपारपासून—"

"बघितले तुमचे फोन. नंतर बघितले." बाई बसल्या नाहीत. "शाळा सुटली तेव्हा मुलांना सोडायला फाटकापाशी उभी होते. एक आजी आल्या. माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाल्या, धीर सोडू नका बाई, आजार येतो नि जातो, आमच्या अल्बममध्ये तुमचे फोटो बघितले तेव्हापासून मी तुमच्यासाठी देवाला हात जोडतेय. एवढ्या मोठ्याने, मावशी! त्यांना ऐकू कमी येतं बहुतेक."

"माझ्या विहीणबाई," मावशी कशाबशा म्हणाल्या.

"सगळ्या आया उभ्या होत्या. कुणी काही बोललं नाही. चांगल्याच आहेत हो त्या. पण सगळ्यांची नजर इथे." बाईंनी कपाळावर, केसांच्या ओळीपाशी बोट ठेवलं. "एकीची सुद्धा डोळ्यांकडे नाही. मग मी वर्गात परत गेले, तर एक मुलगी थांबली होती. तिने विचारलं, बाई, तुमचे केस निघतात का?"

मावशी उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे. मुद्दाम नाही केलं, पण माझीच आहे. त्या ॲपने विचारलं आणि मी न बघता—"

"मला कळतं, मुद्दाम नाही केलंत." बाईंचा आवाज चढला नाही, चढला असता तर मावशींना बरं वाटलं असतं. "पण तुम्ही मला विचारलं होतंत ना, काढू का म्हणून? मी हो म्हटलं. ते तुम्हाला म्हटलं होतं."

मावशींनी टेबलावरचा फोन उलटा करून ठेवला.

"अजून आहेत का ते फोटो?"

"मी पुसले. सगळे पुसले. पण लोकांच्या फोनमध्ये जे उतरलेत..."

"म्हणजे आता ते सगळ्यांकडे आहेत, फक्त तुमच्याकडे नाहीत."

मावशींचे डोळे भरून आले. त्यांना स्वतःचा संताप आला, त्या टुणटुण्याचा आला, "सगळ्यांचंच असं असतं" म्हणणाऱ्या लेकाचा आला, आणि यातल्या एकाही संतापाचा समोरच्या मुलीला काडीचा उपयोग नव्हता. हात तेवढा त्यांना चालवता येत होता. त्या घाईघाईने म्हणाल्या, "मी नवा करून देते. याहून बारीक जाळीचा, कपाळाशी अगदी लव सोडते, मान वाकवली तरी कळणार नाही. बाकी सगळं काम बाजूला ठेवते."

"कितीही बारीक करा मावशी. पूर्वी कुणी बघतच नव्हतं, म्हणून हे माझे केस होते. आता सगळे शोधणार आहेत. वारा आला की बघणार, मुलाने गळ्यात हात टाकला की बघणार." बाईंनी टेबलावरच्या लाकडी डोक्यांकडे पाहिलं. "उद्या मी वर्गात काय घालून जाऊ, सांगा ना? हा घातला तर लपवते म्हणतील. नाही घातला तर..."

 हे बारीक अक्षरांत सुद्धा कुठे लिहिलेलं नव्हतं.

बाईंनी कानांमागून बोटं घातली आणि टोप काढला. पडद्याआड गेल्या नाहीत, दार उघडं होतं तेही लावलं नाही. टोप टेबलावर ठेवला, हाताने त्याचे केस एकदा सारखे केले. "हा ठेवा. कुणाला होत असेल तर द्या."

"तो दुसऱ्या कुणाला नाही व्हायचा हो," मावशी म्हणाल्या. "तुमच्याच डोक्याचा आहे तो. असं नका करू. निदान रुमाल तरी बांधा, मी देते."

"नको. आज बांधला की रोज बांधावा लागेल."

त्या निघाल्या. मावशी टोप घेऊन जिन्याच्या कठड्यापर्यंत धावल्या. हाक मारायला तोंड उघडलं, पण काय म्हणून हाक मारणार? बाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या. वरून त्यांचं सबंध डोकं दिसत होतं, आणि मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा एका डोक्यावरून नजर बाजूला घेतली. बाई खालच्या वळणावरून रस्त्यात उतरल्या, तेव्हा सायकलवाल्याच्या दुकानापुढे चाललेल्या गप्पा एकदम थांबल्या. ते थांबणं मावशींना वरपर्यंत ऐकू आलं.